परकायाप्रवेश

जठारपेठेतील ज्या आळीत आमचे बालपण गेले, तेथे गावाला जाणारे कुटुंब घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जात असे. कोणी एका दिवसाकरिता शेगावास जावो, कोणी आषाढीस पंधरा दिवस पंढरपुरास जावो, किल्ली शेजारी. तुळशीस पाणी घालावे, दाराशी पडलेले टपाल उचलून ठेवावे, आत मांजर कोंडले गेले असल्यास सोडावे, एवढ्यापुरता त्या किल्लीचा अधिकार असे. तो कोणी कोणास लिहून दिलेला नसे, तरी दोन्ही पक्षांस तो पक्का ठाऊक असे. तुळशीस पाणी घालावयास गेलेला मनुष्य फडताळ उघडून आतली पत्रे वाचू लागला असता, तर त्याने कुलूप फोडले नाही एवढ्यावरून त्यास निर्दोष कोणीही म्हटले नसते.

आज त्याच आळीतील आमच्या घराच्या तीन किल्ल्या आमच्यापाशी आहेत आणि त्यांपैकी एकही लोखंडाची नाही. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यास असतो. आगगाडीने एका रात्रीचे अंतर. जठारपेठेत आमचे वडील एकटे राहतात. त्यांचे वय ८३ असून ते निवृत्त शिक्षक आहेत. घरात तीन संगणक आहेत. एक वडिलांच्या खोलीत. दुसरा माडीवर, ज्यात आमची टिपणे व घरातील जुन्या कागदांच्या प्रती आहेत. तिसरा ओसरीवर ठेवलेली एक लहानशी पेटी, जिच्यात दारावरच्या व दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्यांची चित्रे साठतात. हे तिन्ही आम्ही पुण्याच्या आमच्या मेजावरून चालवू शकतो. पडदा येथे, यंत्र तेथे. हात येथला, हातचे काम तेथले. या व्यवस्थेतून एक प्रसंग उद्भवला आणि त्या प्रसंगातून एक प्रश्न. तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो. परंतु प्रसंग समजण्यास यंत्राची रीत थोडी समजली पाहिजे.

बाहेरच्या जगास आमचे सबंध घर एकाच क्रमांकाने ठाऊक असते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी. ते सर्वांस पुरणार नाहीत हे ध्यानी आल्यावर १९९४ च्या सुमारास अशी युक्ती पुढे आली, की एका घरातील सर्व यंत्रांनी मिळून बाहेरचा पत्ता एकच वापरावा आणि आपसांत मात्र घरगुती क्रमांक ठेवावेत. या दोहोंमध्ये राउटर नावाची जी पेटी असते, ती जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखी होय. आतून गेलेल्या निरोपाचे उत्तर आले, तर ते ज्याचे त्यास पोचविणे तिला जमते. परंतु आगंतुक आला, तर त्यास कोणाकडे न्यावे हे न कळून ती त्यास परत लावते. यास्तव तिला आगाऊ सांगून ठेवावे लागते, की अमुक क्रमांकाच्या दारी येईल तो वडिलांच्या खोलीकडे, तमुक दारी येईल तो माडीवर. तीन यंत्रे असली म्हणजे तीन दारे. यांपैकी रूढ दारांचे क्रमांक साऱ्या जगास पाठ आहेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि व्हीएनसी या पद्धतीचा ५९००. दार उघडे राहिले, तर अनोळखी हात कडी हलवून पाहू लागतात. ते हात बहुधा माणसांचेही नसून रात्रंदिवस हाच उद्योग करणाऱ्या प्रोग्रामांचे असतात. म्हणून शहाणे लोक दुसरी रीत पत्करतात. तीत दोन्ही बाजूंची यंत्रे आपापल्या घरातून बाहेर पडून एका मध्यस्थाच्या घरी भेटतात. दार उघडावे लागत नाही, मात्र मध्यस्थावर विश्वास टाकावा लागतो. आम्ही पहिल्या रीतीने आरंभ केला, काही दिवस भयभीत राहिलो आणि दुसरीवर स्थिरावलो.

निजलेल्या यंत्रास दुरून उठविण्याची सोयही आहे आणि ती मोठी मौजेची आहे. एक विशिष्ट निरोप घरातील तारेवर सोडावयाचा. त्याच्या आरंभी सहा ठराविक चिन्हांची ललकारी आणि पुढे त्या यंत्राचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा. यंत्र निजले तरी त्याचा एक कान जागा ठेवलेला असतो. आपले नाव सोळा वेळा ऐकले की ते उठते. कुंभकर्णास उठविण्याकरिता रावणाने जो खटाटोप केला, त्या मानाने हे फारच सोपे. मात्र ती हाक बाहेरून थेट पोचत नाही; घरातील एखादे यंत्र जागे असावे लागते आणि त्याच्याकरवी ती घालावी लागते. आमच्या घरी ते काम ओसरीवरील पेटी करते.

हे सारे कालपरवाचे वाटले तरी तसे नाही. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील हॅनोव्हर येथे डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली असता जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथून टेलिप्रिंटरद्वारा न्यूयॉर्कमधील गणनयंत्रास उदाहरणे घातली व उत्तरे आणविली. व्हीएनसी १९९० नंतरच्या दशकात केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेत निघाली. दुरून हात चालविण्याच्या कल्पनेस अशी ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. परंतु हॅनोव्हरच्या सभेत ज्या यंत्रास प्रश्न घातले, ते कोणाचे घर नव्हते. गणनयंत्रात बेरजा असतात. आज घरातल्या संगणकात मनुष्य स्वतःच राहतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या परंपरेत या प्रकारास एक जुना शब्द आहे: परकायाप्रवेश. शंकराचार्यांनी अमरूक राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा प्रसिद्ध आहे. मच्छिंद्रनाथांविषयीही तशीच कथा नाथपंथी ग्रंथांत आहे. या कथा आम्ही लहानपणी केवळ चमत्कार म्हणून ऐकल्या. परंतु त्यांत एक नैतिक अट दडलेली आहे, ती आमच्या ध्यानी फार उशिरा आली. आचार्य ज्या देहात शिरले तो देह मृत राजाचा होता. धनी निघून गेलेला होता. जिवंत राजाच्या देहात शिरून त्याच्या हातांनी लिहावे, त्याच्या डोळ्यांनी वाचावे, आणि राजा आतच बसलेला असावा, असे या दोन कथांत नाही. तशा प्रवेशास आम्ही तरी योग न म्हणता बाधाच म्हणू. यंत्राद्वारे आम्ही जो प्रवेश करतो, तो मात्र राजा आत असतानाच होतो.

आता प्रसंग. वैशाखातील दुपार होती. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको, की त्या दिवसांत दुपारी दोन वाजता मनुष्य जागा असेल अशी कल्पनाही कोणी करीत नाही. यंत्र मंद चालते अशी तक्रार वडिलांनी दोन दिवसांपूर्वी केली होती. ते निजले असतील, त्यांच्या झोपेत काम उरकून टाकावे, असा सद्धेतु धरून आम्ही न कळविता आत गेलो. तशी सोय आम्हीच करून ठेविली होती. समोरच्याने संमतीचे बटण दाबण्याची वाट पाहावी न लागता पासवर्डाने थेट आत जाता येत होते.

वडील निजले नव्हते. ते लिहीत होते. पडद्यावर एक पत्र होते आणि अक्षरामागून अक्षर त्यांच्या सवयीप्रमाणे सावकाश उमटत होते. त्याच क्षणी बाहेर पडावयास हवे होते. आम्ही पडलो नाही. काही ओळी वाचल्या. त्या ओळींत काय होते हे सांगणे म्हणजे तोच अपराध दुसऱ्यांदा करणे होईल, म्हणून सांगत नाही. आमच्या हाताचा धक्का लागून पडद्यावरील बाण हलला असावा. लिहिणे थांबले. क्षणभर काहीच झाले नाही आणि मग त्या पत्राच्याच खाली, अर्धवट वाक्यानंतर, दोन शब्द उमटले: ‘कोण आहे?’

आम्ही उत्तर दिले नाही. संबंध तोडला आणि बाहेर पडलो.

रात्री त्यांचा फोन आला. आपल्या यंत्रात कोणीतरी शिरले होते, आपण राउटरची तारच काढून टाकली आहे, असे त्यांनी सांगितले. चार शब्द पुरे होते. ते आम्ही बोललो नाही. ‘बरे केले, उद्या पाहू’ असे काहीसे म्हटले. दुसऱ्या दिवशी हा वृद्ध मनुष्य वैशाखाच्या उन्हात पासबुक घेऊन बँकेत गेला. पैसे शाबूत आहेत की नाहीत हे पाहावयास! त्यांची भीती निराधार नव्हती. दुसऱ्याच्या मोबाइलवर असे ॲप घालावयास लावून, त्यावरचा नऊ अंकी आकडा विचारून घेऊन खाती रिकामी करण्याच्या युक्तीविषयी रिझर्व्ह बँकेनेच फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केले होते आणि ते कात्रण वडिलांनी जपून ठेविले होते. आम्ही खरे सांगितले ते चौथ्या दिवशी. तोवर त्यांचे यंत्र बंदच होते. ते पत्रही अर्धवट राहिले असले पाहिजे.

आमच्या एका स्नेह्यास, ते वकील आहेत, हा वृत्तांत सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, ‘संगणक कोणी विकत घेतला? तुम्हीच ना? मग गुन्हा कसला?’ २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ४३ वे कलम आम्ही मुद्दाम काढून पाहिले. संगणकाच्या मालकाच्या, अथवा तो ज्याच्या ताब्यात आहे अशा अन्य इसमाच्या, परवानगीवाचून प्रवेश करणे त्यात निषिद्ध आहे. आणि तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता त्या ‘अथवा’कडे पाहावे. मालक आम्ही, पावती आमच्या नावाची. ताबा वडिलांचा. मालकाने स्वतःस परवानगी दिली की कायदा बहुधा संतुष्ट होतो. नीतीस मात्र त्या ‘अथवा’च्या जागी ‘आणि’ हवा असतो असे आम्हांस वाटते. ज्याने यंत्र विकत घेतले, त्याची त्यावर मालकी आहे. जो त्यावर आपले मन उतरवितो, त्याची त्यात वस्ती आहे. आणि वस्ती ही मालकीहून हलकी गोष्ट नव्हे.

वऱ्हाडच्या माणसास हा भेद पुस्तकात वाचावा लागू नये. आमच्या प्रांताचा इतिहास मालकी एकाची व चालना दुसऱ्याची असाच आहे. अठराव्या शतकात येथे निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअंमल होता. पुढे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लक्ष रुपये खंडाने कायमच्या पट्ट्याने दिला. वर्षभरात कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला. म्हणजे स्वामित्व हैदराबादेस, हुकूम नागपूरहून, त्याच्याही वरचा लंडनहून, आणि कापूस वेचणारा अकोल्याच्या शिवारात. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. या व्यवहारात कागद चोख होते, खंड ठरलेला होता, दोन्ही सह्या खऱ्या होत्या. जो तेथे राहत होता, त्यास मात्र कोणी विचारले नव्हते.

याच संदर्भात आम्हांस जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. व्यक्तिस्वातंत्र्याची सीमा कोणती, याविषयी त्याचा १८५९ चा निबंध आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविला आहे: मनुष्याचे स्वतःचे हित हे त्याच्यावर सत्ता चालविण्यास पुरेसे कारण नव्हे. हे तत्त्व सांगणारा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता तो येथल्या संस्थानांविषयीचे खलिते तयार करी. इतक्या अंतरावरून इतका मोठा कारभार चालविण्यास हातभार लावणारे तत्त्वज्ञ थोडेच झाले असतील! आणि आपल्या निबंधात त्याने एक अपवाद ठेविला आहे. हे स्वातंत्र्य मुलांना लागू नाही, आणि ज्या समाजांचे अजून बाल्य सरले नाही असे त्यास वाटे, त्यांसही लागू नाही. विद्यार्थ्यांस हा अपवाद दाखविताना आमच्या स्वरात थोडा उपहास येत असे. आता येत नाही. कारण आम्हीही असाच एक अपवाद मनात निर्माण केला होता: वृद्धांना लागू नाही. ज्यास यंत्रातले कळत नाही, त्याच्या यंत्रात त्याच्या हितासाठी शिरण्यास त्याची परवानगी कशाला? या अपवादाचा विशेष असा, की तो नेहमी दुरून सुचतो. वडिलांच्या खोलीच्या दाराशी उभे असतो तर न खाकरता आत गेलो नसतो.

याच्या विरुद्ध बाजूस जे म्हणता येईल ते क्षुल्लक नाही. एकटा वृद्ध मनुष्य पडला, बोलता येईना, तर संमतीचे बटण कोण दाबणार? दर वेळी परवानगी पाहिजे असे म्हणणारा नीतिवेत्ता त्या वेळी कोठे असेल? ज्या मुलांचे आईवडील जठारपेठेत आहेत आणि मुले पुणे, बंगळूर किंवा त्याहूनही दूर आहेत, अशी घरे आता मोजकी राहिली नाहीत. त्यांच्याकरिता दुरून उघडणारे दार हे चैनीचे साधन नव्हे. हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु यावरून निघते ते एवढेच, की संकटाकरिता एक दार असावे आणि ते कोणते हे आत राहणाऱ्यास ठाऊक असावे. संकटाकरिता दिलेल्या किल्लीने दुपारी दोन वाजता आत जावे, असे त्यातून निघत नाही. आमचा हेतु चांगला होता, हे म्हणणेही आम्ही स्वतःपुढे मांडून पाहिले. हेतु चांगला होता तो यंत्र दुरुस्त करण्यापुरता. त्या ओळी वाचताना कोणता चांगला हेतु होता?

वडिलांच्या ‘कोण आहे?’ या प्रश्नाचे गांभीर्य घरापुरते नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात आरोपींच्या संगणकांवर सापडलेली पत्रे हा पुराव्याचा मोठा भाग होता. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचावपक्षाच्या विनंतीवरून केलेल्या तपासणीत, २०२१ मध्ये, असा अभिप्राय दिला की एका आरोपीच्या संगणकात दूरनियंत्रणाचा प्रोग्राम घुसवून ती पत्रे बाहेरून ठेवण्यात आली होती. तपासयंत्रणेने त्यास आक्षेप घेतला. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु वाद होऊ शकतो, हीच गोष्ट केवढी मोठी आहे! पूर्वी एखाद्याच्या मेजाच्या खणात त्याच्या हस्ताक्षरातील कागद सापडला, तर तो त्याचा नव्हे हे सिद्ध करणे त्याच्यावर येई, आणि ते न्याय्य वाटे; कारण अक्षराला हात होता. आता यंत्रातील अक्षरास हात नाही. आमच्या त्या दुपारच्या प्रवेशात आम्ही मनात आणते तर त्या पत्रात एक वाक्य घातले असते, आणि ते वडिलांचेच ठरले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखाने निर्णय दिला, तेव्हा आम्ही तो मुख्यतः सरकारविरुद्धचा हक्क म्हणून वाचला. मुलाविरुद्धचा म्हणून वाचण्याचे कारण पडले नव्हते.

पाहणे आणि करणे यांत काही लोक भेद करतात. नुसते पाहण्याने कोणाचे काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे. संजयास दिव्य दृष्टी मिळाली, परंतु रणांगणावरील एक बाणही त्यास हलविता येत नव्हता. हा भेद खरा आहे, पण तो दिसतो तेवढा मोठा नाही. दिवाणखान्यातला कॅमेरा आम्ही बसविला तो वडिलांच्या काळजीने. इंटरनेटवरील पहिल्या कॅमेऱ्याची कुळकथा याहून निरागस आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी १९९१ मध्ये तो कॉफीच्या भांड्यावर रोखला होता, भांडे रिकामे असल्यास जिने चढण्याचे श्रम वाचावेत म्हणून. भांड्यास आपणाकडे कोणी पाहते आहे याचे काही वाटत नाही. वडील मात्र कॅमेरा बसविल्यापासून दुपारी दिवाणखान्यात उघड्या अंगाने बसेनासे झाले, हे आमच्या ध्यानात आले ते वर्षभराने, सुटीत घरी गेलो तेव्हा. काही न करता आम्ही त्यांची चाळीस वर्षांची बसण्याची जागा बदलली होती.

चौथ्या दिवशी आम्ही फोनवर सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावतील असे वाटले. पण एरवी मुलांसमोर शुद्ध भाषा बोलणाऱ्या त्या शिक्षकाच्या तोंडून घरचीच बोली निघाली: ‘येजो बाप्पा. पण कडी वाजवून येजो.’ वाचले काय, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, आणि ते अद्याप आम्हांस बोचते.

त्यानंतर सुटीत जाऊन आम्ही व्यवस्था बदलली. वडिलांच्या यंत्रात आता पासवर्डाने थेट जाता येत नाही. त्यांच्या पडद्यावर विचारणा होते आणि ते ‘होय’ म्हणतील तरच दार उघडते. दिवाणखान्यातला कॅमेरा काढला. दारावरचा ठेविला, कारण तो त्यांना हवा होता. दूधवाला आला की नाही हे ते खाटेवरून पाहतात. माडीवरचे यंत्र आमचेच असल्यामुळे त्यात आम्ही पूर्वीप्रमाणे जातो. संकटाकरिता एक पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला आणि पाकीट शेजारच्या काकूंकडे ठेविले. त्यांच्याकडे घराची लोखंडी किल्लीही आहेच. काकूंनी ते तांदळाच्या डब्यात ठेविले आहे असे कळते.

मागच्या आठवड्यात यंत्रास काही नवी दुरुस्ती घालावयाची होती. सायंकाळी आम्ही विचारणा पाठविली. पडद्यावर वाट पाहण्याचे ते लहानसे चक्र फिरू लागले. दोन मिनिटे, चार मिनिटे. पूर्वी चार मिनिटांत आम्ही सारे काम आटोपून बाहेर पडलो असतो. मग नकार आला आणि मागोमाग मोबाइलवर एक ओळ आली: ‘आता नको. लिहितो आहे.’ आम्ही पडदा मिटला आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासावयास घेतल्या.